बोर्ड आपोआप होत नाही

बारावी सायन्स लागलं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तू सीईटीचं (राज्याच्या प्रवेश परीक्षेचं) बघ, बोर्ड आपोआप होतं." कोकण मंडळाचा २०२५ चा निकाल ९६.७४ टक्के होता, तेव्हा हे पटतंही. पण हा आकडा पस्तीस टक्क्यांच्या पासाचा आहे. पुढच्या दारांवर वेगळे आकडे लिहिलेत. राज्यातल्या इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, राखीव गटाला ४०. मेडिकलच्या नीटवाल्यांना पीसीबीत (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) ५० आणि ४०. एनआयटी, म्हणजे केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज, हवी असेल तर बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. आपल्याला यातला कुठला आकडा लागू आहे, ते जूनमध्येच ठरवायचं.

त्या ७५ टक्क्यांचा हिशेब बरेचजण सगळ्या विषयांच्या सहाशेवर करतात आणि तिथेच चुकतात. धरले जातात पाचच विषय: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक. पाचवा बायोलॉजी धरला तर ५०० पैकी ३७५ हवेत. यातले १३० प्रॅक्टिकल-तोंडीचे: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोचे तीस-तीस, मॅथ्स आणि भाषेचे वीस-वीस. तिथे ११७ मिळाले तर लेखीत ३७० पैकी २५८ पुरतात, म्हणजे सत्तर टक्क्यांच्या आत. तिथे ९५ वरच अडकलात तर लेखीत २८० लागतात, म्हणजे पंचाहत्तरच्याही वर. नाव कॉलेजात आणि मुक्काम क्लासच्या गावी, अशा मुलांचं जर्नल जानेवारीत एका रात्रीत उतरवलं जातं. त्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

जर्नल उतरवता येतं, हात उतरवता येत नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन घ्या, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून मोजायचा प्रयोग. ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण ६०-७० अंशांपर्यंत तापवलं नाही तर सुरुवातीचे थेंब रंग सोडायलाच तयार नसतात. मुलगा घाबरून ब्युरेट जास्त सोडतो आणि रीडिंग पुढे जातं. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं की गुलाबीऐवजी तपकिरी गाळ दिसतो. परमँगनेट गडद असल्यामुळे ब्युरेटमधल्या द्रावणाची खालची कड दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं, आणि सुरुवातीला जी कड घेतली तीच शेवटी. चारदा स्वतः केलं की हे अंगवळणी पडतं, एकदा दुसऱ्याचं पाहून नाही.

सीईटी आणि बोर्ड यांत मात्र लोक समजतात तेवढं अंतर नाही. सीईटीचा सुमारे ८० टक्के भाग बारावीचा, २० टक्के अकरावीचा, आणि पुस्तक तेच बालभारतीचं. फरक वेगाचा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे एकाला ५४ सेकंद. मॅथ्सचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, त्यालाही नव्वद मिनिटं, म्हणजे १०८ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. बोर्डात लॉग टेबल चालतं, सीईटीत नाही. वर्षभर लॉग टेबलवर हात बसलेल्याची गणितं तिथे अडतात. आकडेमोड अंदाजाने जवळ नेऊन पर्याय निवडायची सवय दिवाळीपासूनच लावावी.

उलट सीईटीच्या सवयी बोर्डात नडतात. फिजिक्सच्या ७० गुणांच्या पेपरात पहिले दहा गुण पर्यायी प्रश्नांचे. तिथे नुसतं (ब) लिहून चालत नाही, अक्षरासोबत उत्तरही लिहायचं असतं. खोडून दुसरं लिहिलं तरी तपासला जातो पहिलाच प्रयत्न. पुढे एकेका गुणाचे आठ, दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचापैकी तीन. सूत्रापासून थेट उत्तरावर उडी मारणाऱ्याचे गुण इथे जातात, कारण पायरीला गुण आहेत. भाषेच्या पेपराकडे तर कोणी बघतच नाही. मराठीतलं माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख हे तीन नमुने महिन्याला एकदा वेळ लावून लिहिले तरी पुष्कळ झालं.

एनआयटीसाठी लागणाऱ्या जेईईची गोष्ट निराळी. पंचाहत्तर प्रश्न, तीनशे गुण, चुकीला वजा एक. त्यातला अकरावीचा वाटाही मोठा. जानेवारीचं सत्र नेमकं प्रॅक्टिकलच्या तोंडावर येतं. दिवाळीपर्यंत अकरावीचं मेकॅनिक्स आणि ऑरगॅनिकचा पाया पक्का नसेल तर जेईई फक्त सरावापुरती द्यावी आणि जोर सीईटीवर ठेवावा. दोन्हीकडे अर्धं अर्धं लक्ष हा सगळ्यात महागडा मार्ग.

आता आपल्या कोकणातलं कॅलेंडर. जून ते गणपती पाऊस, वीज जाते, एसटी उशिरा येते. त्यामुळे ऑनलाइन लेक्चरच्या भरवशावर राहू नये. या काळात अकरावीचे सीईटीतले धडे हातात पुस्तक घेऊन संपवावेत: लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, ऑप्टिक्स, सेमीकंडक्टर. गणपतीचे दिवस सुट्टीचेच धरा, उगाच वेळापत्रकात अभ्यास लिहू नका. जात पडताळणीचा अर्ज अजून दिला नसेल तर तो याच काळात कॉलेजमार्फत द्यावा, मे-जूनमध्ये फार धावपळ होते. दिवाळीनंतर बोर्डाच्या पद्धतीने तीन तासांचे पेपर, आठवड्याला एक.

शिमगा बऱ्याचदा बोर्डाच्या पेपरांच्या आगेमागे पडतो. ग्रामदेवतेची पालखी घरी येणार त्या दिवशी ढोल वाजणारच, पाहुणे येणारच. मानकऱ्यांना विचारून तारीख आधी कळते. त्या दिवसापुरती शेजारच्या वाडीत किंवा शाळेत बसायची सोय करून ठेवावी.

बोर्ड संपल्यावर सीईटीला बहुधा महिनाभर मिळतो, पण तेव्हाच हापूसची काढणी भरात असते आणि घरात प्रत्येक हाताची गरज. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन पहाटे बागेत जाणं टळणार नसेल तर नवाच्या आत मोकळं करा, असं घरी आधीच बोलून ठेवावं. नऊ ते बारा पूर्ण १८० मिनिटांची मॉक, मधे न उठता. संध्याकाळी फक्त चुकलेले प्रश्न. आणि हॉलतिकिटावर सकाळची शिफ्ट आली असेल तर पहाटेच्या वस्तीच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या रात्रीच केंद्राच्या गावी जाऊन राहा.