क जीवनसत्त्व खर्च करणारे निळे विकर

झुकिनीच्या हिरव्या सालींच्या अर्कातून अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम; अ‍ॅस्कॉर्बेट म्हणजेच क जीवनसत्त्व) शुद्ध करण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेत चालू होते आणि त्या दिवशी शुद्धीकरणाच्या शेवटच्या स्तंभातून उतरलेले द्रावण परीक्षानळीत स्वच्छ निळे दिसले. काकडी-भोपळ्याच्या कुळात हे विकर मुबलक सापडते. दोन सारख्या भागांच्या त्याच्या जोडरेणूत तांब्याचे ८ अणू असतात. त्यांपैकी २ अणू ६१० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात, म्हणून हा रंग.

"सर, वनस्पती क जीवनसत्त्व स्वतःच तयार करते, मग ते खर्च करून टाकणारे विकर ती का बाळगते?" सोबतच्या विद्यार्थिनीने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि जुनाही. क जीवनसत्त्वाचा शोध लावणारे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३१ साली कोबीच्या पानांतील या क्रियेविषयी लिहिले, तेव्हापासून तो विचारला जात आहे.

उत्तर देण्याआधी मी निळे द्रावण क्युव्हेटमध्ये (प्रकाशमापनाच्या छोट्या पारदर्शक पात्रात) काठोकाठ भरले, त्यात अ‍ॅस्कॉर्बेट जादा प्रमाणात घातले आणि हवेचा बुडबुडा राहू न देता बूच लावले. पाहता पाहता निळा रंग ओसरला आणि द्रावण पाण्यासारखे झाले. बूच काढून क्युव्हेट हवेत हलवताच रंग परतला, काही क्षण टिकला आणि पुन्हा गेला. विद्यार्थिनीने तो प्रयोग स्वतः करून पाहिला, तेव्हाच तिचा विश्वास बसला.

अ‍ॅस्कॉर्बेटकडून एकेक इलेक्ट्रॉन घेऊन हे तांबे ऑक्सिजनच्या एका रेणूला ४ इलेक्ट्रॉन देते आणि त्यातून थेट पाणी बनते. हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडत नाही. ऑक्सिजन मिळतो तोवर तांबे मोकळे होत राहते व रंग टिकतो. ऑक्सिजन संपला की इलेक्ट्रॉन तांब्यावरच अडकतात व रंग जातो. २५ अंश सेल्सियसला हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पाव मिलिमोल ऑक्सिजन असतो आणि अ‍ॅस्कॉर्बेटचा एक रेणू एकूण २ इलेक्ट्रॉन देत असल्याने तो संपवायला अर्धा मिलिमोल अ‍ॅस्कॉर्बेट पुरते. म्हणजे हे विकर क जीवनसत्त्वाइतकाच ऑक्सिजनचाही खर्च करणारे आहे, आणि माझ्या मते त्याच्या कार्याचा विचार करताना ही दुसरी बाजू फार काळ दुर्लक्षित राहिली.

त्याची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. ते पेशीपटलाच्या बाहेर, पेशीभित्तिकेच्या परिसरात असते. वापरलेले अ‍ॅस्कॉर्बेट पूर्ववत करणारी ग्लुटाथायोन या छोट्या रेणूवर चालणारी यंत्रणा मात्र पेशीच्या आत आहे. त्यामुळे आतल्या मोठ्या साठ्याला फारसा धक्का न लावता बाहेरचे अ‍ॅस्कॉर्बेट किती ऑक्सिडीकृत (इलेक्ट्रॉन गमावलेले) राहावे हे या विकरावर ठरते. तंबाखूच्या झाडांत ते जनुकीय बदलाने वाढवले, तेव्हा भित्तिकेतले अ‍ॅस्कॉर्बेट जवळजवळ सगळे ऑक्सिडीकृत झाले आणि झाडे ओझोनला अधिक बळी पडली. ते कमी केलेल्या झाडांनी खारेपणा अधिक चांगला सोसला. एवढ्यावरून त्याला निव्वळ घातक ठरवणे मला पटत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या ऊतींत ते भरपूर आढळते आणि ऑक्सिन या वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकामुळे वाढते. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतही त्याचे जनुक अधिक सक्रिय दिसले आहे. तिथल्या जिवाणूंचे, हवेतला नायट्रोजन वापरण्याजोगा करणारे नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होते. म्हणून ऑक्सिजन आवरण्यात या विकराचा हात असावा, असा तर्क मांडला गेला आहे.

विद्यार्थिनीने पुढच्या कामासाठी झुकिनीऐवजी त्या गाठी मागितल्या आणि मी लगेच होकार दिला.