गरोदरपणात पिट्युटरीची गाठ: एमआरआयसाठी मला जिथे अडवलं

मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत मला गाठ आहे. प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त बनवणारी गाठ, १२ मिलिमीटर. कॅन्सर नाही, पण १० मिलिमीटरच्या वर म्हणून ‘मॅक्रो’. प्रोलॅक्टिन कमी करणाऱ्या कॅबरगोलिन या गोळीने ती आटोक्यात होती. दिवस राहिल्यावर डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि गाठ वाढून डोळ्यांच्या नसांना टेकली तर कळावं म्हणून दर तीन महिन्यांनी डोळ्यांची फील्ड टेस्ट करायला सांगितली.

सहाव्या महिन्यात डोकं दुखायला लागलं. फील्ड टेस्टमध्ये समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवून कडेला प्रकाश चमकला की बटण दाबायचं असतं. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं काही दिसतच नव्हतं. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे ग्रंथींच्या डॉक्टरांनी, तातडीने एमआरआय लिहून दिला, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाशिवाय.

सेंटरच्या काउंटरवर चिठ्ठी न वाचताच उत्तर आलं, “प्रेग्नंट आहात ना? मग नाही होणार, मॅडम.” मग म्हणे स्त्रीरोगतज्ज्ञांचं पत्र आणा. आणलं. मग रेडिओलॉजिस्टची सही हवी, ते दुपारनंतर येणार. नंतर पुढे केलेला संमतीचा फॉर्म कॉन्ट्रास्टचा! मी सही केली नाही. कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणून ते टाळतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबक असतो. दिवसभर हेच काम करणाऱ्यांना एवढं माहीत नसावं? दृष्टी कमी होत चाललेल्या बाईला बाकावर ताटकळत ठेवलं, याचा संताप अजून जात नाही. शेवटी नवऱ्याने आमच्या डॉक्टरांना फोन लावून तो थेट रेडिओलॉजिस्टच्या हातात दिला, आणि लगेच नंबर लागला.

म्हणून सांगते, चिठ्ठीवर विसंबू नका. डॉक्टरांना आधीच रेडिओलॉजिस्टशी बोलायला लावा. जुन्या एमआरआयची सीडी न्या, नाहीतर गाठ वाढली की नाही हे कशाशी ताडून बघणार? जोडवी घरीच काढा. माझे पाय सुजले होते, तिथल्या बेसिनपाशी साबण लावून ती ओढून काढावी लागली. आत सरळ पाठीवर झोपवलं तर उजव्या कुशीखाली उशी मागा, म्हणजे अंग डावीकडे कलतं आणि पोटाच्या भाराने घुसमट होत नाही.

गाठ वाढली होती, डोळ्यांच्या नसांना टेकली होती. कॅबरगोलिन परत सुरू झाली आणि पुढच्या फील्ड टेस्टमध्ये नजर जवळजवळ पूर्ववत. ऑपरेशन टळलं.

आणखी एक. कुणी मध्येच प्रोलॅक्टिन तपासायला सांगितलं तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात ते सगळ्यांचंच कितीतरी पटींनी वाढतं, त्यावरून गाठीचं काही कळत नाही.

गोळी चालू ठेवायची म्हणजे दूध येणार नाही, हे मला आधीच सांगितलं होतं. एरवी गाठ शांत असेल तर अंगावर पाजता येतं. माझ्या बाबतीत तसं नव्हतं, आणि बाळंतपणानंतर प्रत्येक पाळीची सिस्टर नव्याने “पाजा, पाजा” म्हणायची. फाईलच्या पहिल्याच पानावर कारणासकट हे लिहून घ्या.