पिवळी कातडी, काळे सरळ ओठ : पुस्तकातला राक्षस आणि पडद्यावरचा राक्षस, 1:4 अर्धपुतळ्यांची प्रगती

दोन्ही अर्धपुतळे रेझिनमध्ये ओतून झाले आहेत. पडद्यावरच्याचं रंगकाम संपलंय, पुस्तकातल्याचे केस आणि हात बाकी आहेत. पहिला 1931 सालच्या युनिव्हर्सलच्या ‘फ्रँकनस्टाइन’ चित्रपटात राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफवरून, दुसरा मेरी शेलीच्या त्याच नावाच्या कादंबरीतल्या शब्दांवरून. दोघं एकाच फळीवर शेजारी बसणार आहेत, म्हणून माप एकच ठेवलं, खऱ्याच्या एक चतुर्थांश.

आधी मजकूर. कादंबरी 1 जानेवारी 1818 रोजी लंडनमध्ये तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय निघाली, 500 प्रती. 1831 साली शेलीबाईंनी सुधारलेली आवृत्ती आली. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच प्रती या दुसऱ्या मजकुराच्या असतात. राक्षसाच्या वर्णनाचा परिच्छेद 1818च्या प्रतीत पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात सापडेल, 1831च्या प्रतीत पाचव्या प्रकरणात. नोव्हेंबरची उदास रात्र, विझत आलेली मेणबत्ती, आणि त्या उजेडात उघडलेला निस्तेज पिवळा डोळा. वर्णन चारच ओळींचं आहे, पण मूर्तिकाराला लागणारं सगळं त्यात आहे : खालचे स्नायू आणि धमन्या जेमतेम झाकणारी पिवळी कातडी, काळेभोर चमकदार लांब केस, मोत्यासारखे दात, पाणावलेले डोळे आणि त्यांच्याच मळकट-पांढऱ्या रंगाच्या खोबण्या, सुरकुतलेला चेहरा, काळे सरळ ओठ. उंची सुमारे आठ फूट, ती आधीच्या प्रकरणात सांगितली आहे. सपाट डोकं नाही, मानेत खिळे नाहीत, कपाळावर टाके नाहीत, हिरवा रंग तर कुठेच नाही.

आठ फूट का, याचं कारणही तिथेच दिलंय. शरीराचे बारीक भाग जुळवण्यात वेळ फार जात होता, म्हणून राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकनस्टाइननं सगळंच मोठ्या मापात करायला घेतलं. लघुमूर्ती करणाऱ्या कुणालाही ही अडचण लगेच पटेल. अवयव प्रमाणशीर होते, असंही तो म्हणतो. म्हणजे डोकं उंचीच्या साडेसाताव्या भागाचं धरायला हरकत नाही. 244 सेंमीला डोकं साधारण 32.5 सेंमी, 1:4मध्ये 8.1 सेंमी. कार्लॉफ 5 फूट 11 इंचांचा, त्याचं मूळ डोकं या मापात 6 सेंमी भरतं. त्यावर मेकअपनं चढवलेली कवटी फोटोवरून मोजून 0.8 सेंमी धरली. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. चौकोनी डोक्याचा राक्षस मनात इतका ठसलाय की तोच मोठा वाटतो, पण शेजारी ठेवल्यावर पुस्तकातल्याचं डोकं स्पष्ट मोठं दिसतं. दोघांची डोकी एकाच आकाराची केलीत तर ही सगळी गंमत जाते.

सांगाडा

प्रत्येकी 12 मिमी प्लायचा 12×12 सेंमी तुकडा, मधोमध 6 मिमी आट्यांची सळई दोन नटांमध्ये कसलेली, खांद्यांसाठी 3 मिमी अॅल्युमिनियमची तार. त्यावर स्वयंपाकघरातल्या फॉइलचा गोळा चमच्याच्या पाठीनं ठोकून घट्ट केलेला. फॉइल सैल राहिलं तर माती दाबताना आत जाते आणि दोन्ही गाल एकसारखे बसत नाहीत. गोळा अंतिम आकारापेक्षा सगळीकडून 8 मिमी लहान ठेवा. मग सुपर स्कल्पी या भाजून कडक होणाऱ्या पॉलिमर मातीच्या 454 ग्रॅमच्या एका पाकिटात एक पुतळा होतो.

शाडूत आकाराचा कच्चा नमुना झटपट बसतो आणि स्वस्त पडतो. पण तारेवरचा शाडू वाळताना आकसतो, तार काही आकसत नाही, मग मानेपाशी भेग ठरलेली. नमुन्यापुरता शाडू ठीक, अंतिम काम त्यात नको.

डोळ्यांना पोलादी छर्रे, कारण ते भट्टीची उष्णता सोसतात. कार्लॉफला सायकलच्या मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे चालतात, पुस्तकातल्याला 8 मिमीचे बेअरिंगच्या दुकानातून आणावे लागतात. आधी छर्रे बसवायचे, मग पापण्या. उलट केलंत तर बुबुळं दोन दिशांना बघतात.

पुस्तकातला चेहरा

‘जेमतेम झाकणारी कातडी’ हे शब्द अक्षरशः घेतले. आधी कातडीविना मुंडकं केलं : जबडा आवळणारा मॅसेटर, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस, कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरपा उतरणारा मानेचा स्नायू, आणि त्यावर 0.5 मिमीच्या वळ्यांच्या शिरा. 130 अंश सेल्सियसला 15 मिनिटं भाजलं. थंड झाल्यावर द्रव पॉलिमर क्लेचा पुसट हात देऊन त्यावर 1 मिमी जाडीची लाटलेली मातीची पोळी मध्यापासून कडेकडे दाबत नेली. हवा अडकली की भाजताना तिथे फोड येतो. म्हणून दर दीड-दोन सेंमीवर बारीक सुईनं टोचायचं आणि भोक बोटानं बुजवायचं. पोळी 1 मिमीपेक्षा जाड झाली तर खालचं सगळं काम वाया. 0.7च्या खाली गेली तर डोळ्याच्या कडेला फाटते.

शिरांचा मोह आवरावा लागतो. पहिल्या खेपेला कपाळावर सहा होत्या आणि चेहरा शरीरशास्त्राच्या तक्त्यासारखा दिसू लागला. आता कपाळावर दोन, मानेवर एक.

तोंडानं सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. त्याच रात्री हा प्राणी व्हिक्टरच्या पलंगाचा पडदा उचलून उभा राहतो, काहीतरी पुटपुटतो आणि गालांना सुरकुत्या पडतील असा हसतो. पण ओठ सरळ आहेत असं आधीच सांगून झालंय. सरळ ओठ आणि हसू एकाच चेहऱ्यावर आणायचं तर ओठांचे कोपरे वर उचलायचे नाहीत. ओठांची रेघ आडवीच ठेवून फट 1.5 मिमी उघडी ठेवली आणि हसण्याचं सगळं ओझं गालांवर टाकलं. नाकपुडीच्या बाजूनं दोन खोल वळ्या, त्यांच्या बाहेर तीन उथळ, खालची पापणी किंचित वर ढकललेली. कोपरा अर्धा मिमी जरी वर गेला तरी दुष्ट हास्याचा मुखवटा होतो. सरळ राहिला की कुणीतरी पहिल्यांदाच हसून बघतंय असं वाटतं, आणि पुस्तकात नेमकं तेच घडतंय.

भाजण्याबद्दल दोन शब्द. दर 6 मिमी जाडीला 15 मिनिटं. लहान ओटीजीचा काटा खरं तापमान दाखवेलच असं नाही, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. भाजून झाल्यावर दार न उघडता निवू द्या. गरम पुतळ्याला पंख्याचा वारा लागला की कानामागे केसाएवढी चीर जाते. ही भट्टी परत खाण्यासाठी वापरू नका.

पडद्यावरचा चेहरा

इथे श्रेय चित्रपटाचा मेकअप करणाऱ्या जॅक पिअर्सचं. त्याचा विचार शल्यक्रियेतून आला होता. मेंदू बसवायचा तर कच्च्या हाताचा माणूस कवटीचा माथा झाकणासारखा कापून काढेल आणि परत ठेवून चिमट्यांनी आवळेल, म्हणून डोकं वरून सपाट. मानेतले ते तुकडे वीज आत घेण्याचे. त्यांना षटकोनी डोकं आणि आटे दिले की चूक झाली. इथे 3 मिमी अॅल्युमिनियमच्या सळईचे तुकडे कानस मारून, जबड्याच्या कोपऱ्याखाली बसवलेत.

कपाळ पिअर्सनं कापूस आणि कोलोडियन या वाळून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचे थर देत उभारलं होतं, रोज जवळजवळ चार तास. त्यामुळे ते दगडी ठोकळ्यासारखं गुळगुळीत दिसत नाही, त्याला मांसाचा पोत आहे. मातीत तो आणण्यासाठी जुना दातांचा ब्रश आणि वर पातळ प्लास्टिक धरून संत्र्याच्या सालीचा ठसा, दोन्ही आलटूनपालटून. पापण्यांवरचं मेण कार्लॉफच्याच सूचनेनं आलं, डोळे फार जिवंत दिसत होते म्हणून. वरची पापणी बुबुळाचा वरचा तिसरा हिस्सा झाकते, त्याहून वर नेऊ नका. उजवा गाल खोल आहे, कारण कार्लॉफनं त्या बाजूचा दातांचा ब्रिज काढून ठेवला होता. छापील फोटो कधीकधी उलटे छापलेले असतात. शंका आली तर कोट बघा, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. उलट्या फोटोवरून केलेला गाल नंतर दुरुस्त करणं म्हणजे अर्धा चेहरा पुन्हा करणं.

1935च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकनस्टाइन’ या पुढच्या चित्रपटाचे फोटो यात मिसळू नका. पवनचक्कीच्या आगीतून तो वाचलेला असल्यामुळे तिथे केस जळालेले आणि कातडीवर भाजल्याच्या खुणा आहेत.

साचा आणि ओतकाम

हातमोज्यासारखा पातळ साचा, बाहेरून प्लास्टरचं दोन भागांचं कवच. टिन-क्युअर (कथिलयुक्त घटकानं घट्ट होणारं) सिलिकॉन प्रत्येकी 450 ग्रॅम, तीन थरांत मिळून सुमारे 6 मिमी. पहिला थर पातळ आणि ब्रशनं, बाकीचे दाटक मिसळून. पावसाळ्याच्या दमट हवेत हे सिलिकॉन लवकर धरतं, त्यामुळे कोकणपट्टीत जूननंतर एका वेळी 150 ग्रॅमहून जास्त कालवू नका, कालवलेलं वाटीतच घट्ट होईल. प्लॅटिनम सिलिकॉन घेणार असाल तर गंधकयुक्त प्लॅस्टिसिन आणि लॅटेक्सचे हातमोजे दोन्ही दूर ठेवा, नाहीतर पृष्ठभाग चिकटच राहतो.

पॉलियुरेथेन रेझिनची तऱ्हा वेगळी, ते ओलाव्याशी भांडतं. पाणी मिळालं की वायू सुटतो आणि ओतलेला भाग पावासारखा फुगतो. साचा आदल्या रात्री 60 वॅटच्या बल्बखाली ठेवून कोरडा करा, बाटली उघडली की लगेच बंद करा, ढवळायला लाकडी काडी नको. प्रत्येकी 200 मिलि, तीन खेपांत 80, 70, 50, साचा हातात फिरवत, म्हणजे 4 मिमीची पोकळ भिंत तयार होते. कानाची पाळी आणि दातांच्या फटीत बुडबुडे अडकतात. साच्यात आधी चिमूटभर टाल्कम पावडर उडवून झटकली की रेझिन कोपऱ्यात नीट शिरतं. खिडकी उघडी हवी आणि सेंद्रिय वाफा अडवणारा मास्कही. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे.

पुस्तकातल्याचे केस वेगळे ओतलेत, तीन तुकड्यांत. खांद्यावर रुळणाऱ्या बटांसकट एका साच्यात घेतलं की प्रत्येक बट साचा अडवते आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतीला सिलिकॉन फाटतं.

रंग

कार्लॉफ राखाडीतच रंगवला. कॅमेऱ्यासमोरचा ग्रीसपेंट हिरवट-राखाडी होता, कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिका उतरावा म्हणून. प्रेक्षकांनी पाहिला तो राखाडी, म्हणून राखाडीच प्रामाणिक वाटतो. सात छटा लागल्या. नुसता काळा आणि टायटॅनियम व्हाइट मिसळला की राखाडी निळसर जातो, दर छटेत ब्रशच्या टोकाएवढा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) हवा. भुवयांखालची सावली रंगवायची नाही, तिथे खोली पुरेशी आहे, वरून दिवा लावला की ती आपोआप पडते.

पुस्तकातल्याच्या पिवळ्यानं मात्र घाम काढला. रीतीप्रमाणे शिरा निळ्या रंगवल्या, त्यावर पिवळ्याचे पातळ हात दिले, आणि तिसऱ्या हाताला पुतळा हिरवा झाला. निळ्यावर पारदर्शक पिवळा म्हणजे हिरवाच होणार. जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पोस्टरवरचं भूत मागच्या दारानं आत आलं. उपाय म्हणजे शिरा जांभळ्या-तपकिरी करायच्या, डायॉक्साझीन पर्पल एक भाग आणि बर्न्ट अंबर दोन भाग. जांभळा पिवळ्याचा विरुद्ध रंग, त्यामुळे वर पिवळा आला की तो विझून मळका तपकिरी होतो आणि कातडीखाली असल्यासारखा वाटतो.

आताचा क्रम असा. मोतिया प्रायमर, स्नायूंच्या खाचांत फिका लालसर तपकिरी, मग शिरा, मग यलो ऑकर एक भाग आणि रंग पारदर्शक करणारं ग्लेझिंग मीडियम आठ भाग असे सहा हात, मध्ये अर्धा-अर्धा तास. शिरा हातभरावरून दिसाव्यात पण खोलीच्या दारातून दिसू नयेत, तिथे थांबायचं. ओठ काळे, अगदी मॅट. दातांवर पांढऱ्यानंतर पर्ल मीडियमचा एकच हात. ओठांच्या मॅट काळ्याला लागून तो चकाकला की पुस्तकातलं वाक्य कळतं : दात सुंदर, केस सुंदर, आणि म्हणूनच बाकीचं जास्त भयंकर.

डोळे गणेशमूर्तीच्या आखणीसारखे सगळ्यांत शेवटी. बुबुळ खोबणीच्याच रंगाचं करायचं, म्हणजे नजर हरवण्याची भीती असते. बाहुली 1 मिमी काळी ठेवली आणि बुबुळाच्या कडेला केसाएवढी फिकट तपकिरी रेघ, एवढ्यानं नजर टिकते. पाणावलेपणासाठी खालच्या पापणीच्या काठावर यूव्ही रेझिनचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब, सुईनं आडवा ओढून. थेंब मोठा झाला तर रडका दिसतो.

शिल्लक कामं : केसांचे तीन तुकडे 2 मिमीच्या पिनांवर बसवणं आणि सांधे भरणं. केसांना पूर्ण ग्लॉस, चेहऱ्याला कुठेच नाही. त्यानंतर हात. शेवटच्या भागात ही कथा ऐकणारा दर्यावर्दी वॉल्टन जहाजावर त्याला पाहतो तेव्हा पुढे आलेला तो प्रचंड हात रंगानं आणि पोतानं ममीसारखा आहे. या मापात मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सुमारे 6.4 सेंमी होतो. तार 1.5 मिमीची घेतली आहे, फॉइल नाही, बोटांवर टिश्यू पेपर आणि पातळ पीव्हीए गोंदाचे दोन थर देऊन सुरकुत्या पडतात का, ते आधी एका बोटावर बघायचं आहे.