गोल घुमटात ओरडायच्या आधी कोपऱ्याकडे बघा

सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर, पण आपल्याकडची कितीतरी माणसं बदामी-हंपीला जाताना वाटेत तासभर थांबतात, गोल घुमटात वर चढून एकदा ओरडतात, आवाज परत आला की खूश होऊन गाडीत बसतात आणि झालं विजापूर. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण त्या इमारतीतली सगळ्यात भारी गोष्ट आवाज नाहीये, ती खाली उभं राहून मान वर केली की कोपऱ्यात दिसते, फुकट दिसते, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

(शहराचं सरकारी नाव २०१४ पासून विजयपुर झालंय, पण सोलापूर-सांगलीकडे सगळे अजून विजापूरच म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते.)

माझ्याबरोबर मामा होते. मामांचं आख्खं आयुष्य सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर म्हणून गेलं, म्हणजे कुठल्याही इमारतीत शिरले की त्यांची नजर आधी बीमकडे जाते, मग नक्षीकडे. त्यांनी स्टेशनवर उतरल्या उतरल्या सांगून टाकलं, "आधी जुम्मा मशीद बघायची, घुमट नंतर." मी म्हटलं मामा, सगळे आधी घुमटच बघतात. तर म्हणे, "बघू देत. पुस्तक मधूनच उघडून वाचतेस का तू?"

तर जुम्मा मशीद. पहिल्या अली आदिलशाहाच्या काळातली, म्हणजे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजापूरकडे सत्ता आणि पैसा दोन्ही आलं तेव्हाची. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे की इथे सजावट जवळपास नाहीच. मोठमोठे चौकोनी खांब, त्यांच्यावर कमानी, कमानींमागे कमानी, सगळं चुन्याच्या गिलाव्याचं पांढरं, उन्हाची तिरीप आली की सावल्यांच्याच रांगा लागतात. सोनेरी आणि रंगीत काम फक्त मेहराबीवर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, ते नंतर मुहम्मद आदिलशाहाच्या काळात झालेलं. जमिनीवर नमाजासाठी एकेका माणसाची जागा आखलेली आहे, अशा २२५० जागा, आणि त्या औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर आखून घेतल्या असं सांगतात. हे सगळं छान आहे पण मामा मला ओढत मधल्या मोठ्या घुमटाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, आता कोपरा बघ.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. घुमट खालून गोल असतो आणि खोली असते चौकोनी. गोल चौकोनावर ठेवला की चार भिंतींच्या मध्याशी तो टेकतो, पण चार कोपऱ्यांत त्याच्याखाली काहीच नसतं, हवा. त्या चार कोपऱ्यांचं करायचं काय हा घुमट बांधणाऱ्या प्रत्येकाला पडलेला प्रश्न आहे. रोमच्या पँथिऑनने प्रश्नच काढून टाकला, तिथे खालची भिंतच गोल आहे. इस्तंबूलच्या हाया सोफियात सहाव्या शतकात चारी कोपऱ्यांत वळणदार त्रिकोण भरले. विजापूरच्या गवंड्यांनी तिसरंच काहीतरी केलं.

कागदावर एक चौकोन काढा. त्याच्यावर तेवढाच दुसरा चौकोन ४५ अंशांत फिरवून ठेवा, म्हणजे आठ टोकांचा तारा होईल. ताऱ्याच्या पोटात मधोमध काय उरतं? अष्टकोन. आता त्या दोन्ही चौकोनांची प्रत्येक बाजू म्हणजे एकेक कमान समजा. आठ कमानी, एकमेकींना छेदत वर जाणाऱ्या. खोली खाली चौकोनी, वर गेल्यावर अष्टकोनी, आणि अष्टकोनावरून गोलाकडे जायला मग फारसं अंतर उरतच नाही, दगड थोडे थोडे पुढे काढत नेले की झालं. जुम्मा मशिदीत हे लहान प्रमाणावर केलंय. म्हणजे लहान म्हणायचं, तो घुमटही चांगला थोरला आहे, पण गोल घुमट बघितल्यावर तो सराव वाटतो.

मग दुपारी गोल घुमट.

बाहेरून तो सुंदर आहे का? मला विचाराल तर नाही, दणकट आहे. एक प्रचंड काळसर ठोकळा, चारी कोपऱ्यांना सात-सात मजली अष्टकोनी मनोरे, भिंतीच्या वरच्या अंगाला चारी बाजूंनी फिरलेला दगडी छज्जा, आणि वर तो घुमट, बुडाशी कमळाच्या पाकळ्या. लांबून फोटोत छज्जा म्हणजे एक रेघ दिसते, पण खाली उभं राहून बघितला तर तो भिंतीपासून दहा फुटांहून जास्त बाहेर आलाय आणि त्याच्याखाली ब्रॅकेटच्या रांगांवर रांगा आहेत, एकेक ब्रॅकेट घडवलेला. त्या छज्जाची सावली भिंतीवर जी पडते ना, तिच्यामुळे एवढी सपाट भिंतही बोडकी वाटत नाही.

ही कबर मुहम्मद आदिलशाहाची. १६२७ ते १६५६ हा त्याचा काळ, म्हणजे शहाजीराजे ज्याच्या दरबारात सरदार होते आणि ज्याच्या मुलखात शिवाजी महाराजांनी किल्ले घ्यायला सुरुवात केली तो हा बादशाह. तो वारला १६५६ ला, महाराजांनी जावळी घेतली तेच वर्ष. आपण शाळेत आदिलशाही शिकतो ती फक्त शत्रू म्हणून, अफझलखानापुरती, त्यामुळे तीच आदिलशाही त्याच वर्षांत असलं काही बांधत होती हे डोक्यात एकत्र येतच नाही. आणि वास्तुकार म्हणून ज्याचं नाव घेतात तो याकूत दाबुली, दाबुल म्हणजे आपलं दाभोळ, रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदर. मला हे कळलं तेव्हा काय आनंद झाला सांगू!

आत गेलात की मधल्या चौथऱ्यावर कबरी दिसतात, बादशाहाची आणि त्याच्या घरच्यांची, खरं दफन खाली तळघरात आहे. लोक इथे फोटो काढून लगेच मनोऱ्यातल्या जिन्याकडे पळतात. पळू नका. एका कोपऱ्यात जाऊन, भिंतीला पाठ लावून, खाली बसा.

खोलीची एकेक बाजू आतून १३५ फूट आहे, म्हणजे सव्वाएकेचाळीस मीटरच्या आसपास, आणि मध्ये एकही खांब नाही. भिंतींमधून त्या आठ कमानी निघतात, मशिदीत बघितलेल्याच, पण इथे त्या इतक्या मोठ्या आहेत की आधी कमानी म्हणून लक्षातच येत नाहीत, भिंतच वाकून पुढे आल्यासारखी वाटते. एका कमानीचं बोट धरून नजर वर न्यायची, दुसरी तिला छेदते ती जागा शोधायची, तिथून तिसरी. मला तारा दिसायला बराच वेळ लागला आणि दिसला तेव्हा अंगावर काटा आला.

आणि आता खरी गंमत. या कमानी वर जाताना आत आत झुकत जातात, इतक्या की खाली १३५ फुटांची असलेली खोली वर जवळपास ९७ फुटांवर येते. पण घुमट त्या ९७ फुटांच्या कडेवर ठेवलेलाच नाही! तो मागे सरकवून ठेवलाय, त्याचा आतला व्यास १२४ फूट, म्हणजे ३८ मीटरला थोडा कमी. मग कड आणि घुमट यांच्यामध्ये जी गोल पट्टी उरली तीच ती वरची प्रसिद्ध गॅलरी. म्हणजे ज्या गॅलरीत आपण ओरडायला जातो ती आवाजासाठी बांधलेली नाहीच, ती घुमट तोलून धरायच्या युक्तीतून आपोआप मिळालेली जागा आहे.

मी मामांना विचारलं, मागे का सरकवला, कडेवरच ठेवला असता तर घुमट छोटा झाला असता, काम सोपं. मामा म्हणाले, "घुमटाचं वजन खाली येतं तसं बाहेरही ढकलतं. भिंती फाकवायला बघतं. आता हे कमानींचं सगळं बांधकाम आतल्या बाजूला लोंबतंय, ते आत ओढतंय. एक बाहेर, एक आत. कळलं?" छत्रीच्या काड्या एकदम उघडायला जाव्यात आणि कुणीतरी मधून दोरीने आवळून धरावं तसं काहीसं. सगळा जोर याने संपत नाही, म्हणून भिंती तेवढ्या जाडजूड आहेतच, घुमटही बुडाशी जवळपास दहा फूट जाड आहे, विटा आणि चुना. लोखंड नाही, सिमेंट नाही, साडेतीनशेहून जास्त पावसाळे बघितलेत त्याने.

मग वर गेलो. जिना मनोऱ्यातून, अरुंद, पायऱ्या उंच, ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी विचार करून चढा. गच्चीवर आलं की वारा आणि सगळं शहर. गॅलरीत शाळेची ट्रिप आली होती आणि पोरांनी जो काही गोंधळ घातला होता त्यात एकेका आवाजाचे प्रतिध्वनी मोजणं अशक्यच. पोरं गेल्यावर मात्र मामा समोरच्या बाजूला जाऊन भिंतीला तोंड लावून कुजबुजले, मधे सव्वाशे फुटांचं अंतर, आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला. काय म्हणाले? "चुना बघ, चुना." गोल भिंतीला धरून आवाज सरपटत येतो, मधून येतच नाही. हे ऐकायचं असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा.

जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट असं तिथे कुणीही सांगतं. तसं नाहीये, पँथिऑन, फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल, रोमचं सेंट पीटर्स हे तिघंही व्यासाने याच्यापेक्षा मोठे आहेत. पण एकाच घुमटाखाली अखंड झाकलेली जमीन मोजली तर गोल घुमट पँथिऑनच्याही पुढे जातो, कारण त्याची खोली चौकोनी आहे आणि ते चारही कोपरे त्याने स्वतःच्या पदरात घेतलेत. म्हणजे अभिमान बाळगायचा तर तो या कोपऱ्यांचा बाळगा ना.

मलिक-ए-मैदान तोफ आम्ही धावतपळतच बघितली. १५४९ ला अहमदनगरला ओतलेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला आणलेली, सुमारे ५५ टनांची, तोंडाशी सिंहाचा जबडा. बारा कमानला जास्त वेळ दिला. मुहम्मदाच्या मुलाची, दुसऱ्या अली आदिलशाहाची कबर, अर्धवट राहिलेली, छत नाही घुमट नाही, उंच चौथऱ्यावर नुसत्या काळ्या कमानी आकाशात. गोल घुमट बघून आल्यावर इथे यावं, कारण तिथे गिलाव्याखाली झाकलेलं सगळं इथे उघडं आहे, दगड कसा लावला, कमान कुठून सुटली, सगळं जवळून हात लावून बघता येतं.

शेवटी इब्राहिम रोजा, रोजा म्हणजे थडग्याची वास्तू. हा मुहम्मदाच्या बापाचा, दुसऱ्या इब्राहिमाचा, मलिक संदलने बांधलेला, म्हणजे काळाने घुमटाच्या आधीचा. एका चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मधे हौद. इथे स्वभावच वेगळा, सगळं नाजूक. खिडक्यांना जाळी आहे ती फुलापानांची नाही, अक्षरांची, अरबी अक्षरंच दगडात आरपार कोरलीत आणि उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. मशिदीच्या छज्जाला दगडी साखळ्या लोंबतात.

पण मामा अडकले ते कबरीच्या खोलीत. चाळीस फुटांची चौकोनी खोली, आणि वर छत सपाट. भिंतींपासून थोडं वळत आत येतं आणि मग मधे सरळ सपाट दगडी फरशा, कडेला कड लावून बसवलेल्या, खाली बीम नाही, खांब नाही, काही नाही. मामा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले हे फरशांनी धरलेलं नाही, वरच्या चुन्याच्या काँक्रीटने धरलंय, फरशा त्याला चिकटून आहेत, आणि चुना एवढा पक्का व्हायला तो किती दिवस मळला असेल नि किती मुरू दिला असेल. मग त्यांनी मला चुना कसा मळतात, चुन्याच्या घाण्यात वाळू किती, पाणी कधी, हे सगळं बाहेर हौदाच्या काठावर बसून सांगितलं, आणि ते इतकं आहे की त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.