तुम्ही विचारलंत म्हणून : दीड मीटर नळी

"सर, जिप्सी घेतली. पहिलं मॉडिफिकेशन कोणतं करू?"

हा प्रश्न लोकांनी मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, वाळपईच्या पेट्रोल पंपावर विचारलाय, एकदा तर मयताला गेलो होतो तिथे विचारलाय. विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. त्यांच्या डोळ्यांपुढे मोठाले टायर असतात, टपावर दिव्यांची पट्टी, बॉनेटच्या कडेने वर गेलेलं स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला उंचावरून हवा देणारा पाइप. मी म्हणतो, "दीड मीटर रबरी नळी आण." पोराचा चेहरा पडतो. सर चेष्टा करतायत असं वाटतं त्याला. चेष्टा नाही; पण त्यासाठी माझी गाडी माझ्या अंगणात कशी आली तिथपासून सांगावं लागेल.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. डिचोली-साखळीकडे टिपर रांगेने उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग खाणीवर फिरणाऱ्या जिपाही विकायला निघाल्या. आमची सत्तरीत डोंगरावर काजूची बागायत. मार्च ते मे बोंडू, म्हणजे काजूची फळं, खाली आणायचे, तर चढ असा की टेम्पो अर्ध्यावर हात टेकतो, आणि मधे एक व्हाळ, म्हणजे ओढा. पुढच्या वर्षी मी १९९७ ची जिप्सी किंग घेतली, मारुतीची फोर व्हील ड्राइव्ह जीप. तेराशे सीसी, कार्बोरेटरवाली. इंजेक्शनचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन जिप्सीत २००० साली आलं. त्यात ताकद जास्त, पण मला कार्बोरेटरच हवा होता. तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडता येतो. (घरच्यांचं यावर वेगळं मत आहे.)

आधीच्या मालकाने हौस दांडगी केली होती. टायर पार मडगार्डला घासतील एवढे. ते बसावेत म्हणून पाट्यांना, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, लांब शॅकल (पाटा चेसीला जोडणाऱ्या कड्या) घालून गाडी दोन इंच उचललेली. पुढे लोखंडी पाइपांचा पिंजरा. हॉर्न ट्रकचा. उभी असताना गाडी वाघासारखी दिसायची. चालवायला घेतली की साठच्या आसपास स्टीअरिंग असं थरथरायचं की हातातलं घड्याळ मनगटावर फिरायचं, आणि वळण घेतल्यावर चाक आपणहून सरळ व्हायला तयार नसायचं. खाणीच्या वर्कशॉपमध्ये टिपर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले एक मेस्त, म्हणजे मिस्त्री, आमच्या वाड्यावर राहतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सर, पयलीं हें सगळें काडून उडयात."

तेव्हा मला राग आला होता. पैसे मोजून घेतलेलं सामान काढून कसं टाकायचं? पण मेस्तांनी अंगणातल्या मातीवर काडीने आकृती काढून समजावलं. पुढचा ॲक्सल पाट्यांवर बसलेला असतो. पाट्याच्या पुढच्या टोकाचं शॅकल लांब केलं की पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर अख्खा ॲक्सल पुढे कलतो, आणि ज्या कोनामुळे चाकं सरळ राहू बघतात तो कास्टरचा कोनच कमी होतो. सायकलचा पुढचा दांडा तिरका असतो म्हणून हात सोडून चालवता येते, तसंच. गाडी दोन इंच वर गेली, आणि स्टीअरिंगचा जीव गेला.

थरथर मात्र शॅकलची नव्हती, निदान सगळी नव्हती. कंपनीचे शॅकल परत घातले, टायर मूळ मापाचे घातले, बॅलन्सिंग केलं. थरथर निम्मी झाली, गेली नाही. मग मेस्तांनी पुढची चाकं उतरवायला लावली. जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलच्या टोकाला लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर चाक धरणारा नकल फिरतो, आणि तो नकल वर-खाली दोन किंगपिनांवर, छोट्या बेरिंगांत बसलेला असतो. ही बेरिंगं झिजली की नकल सैल होतो आणि चाक नाचायला लागतं. सैल म्हणजे किती सैल, हे हाताने कळत नाही. दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड सोडवायचा, गोळ्यावरचं सील मागे सारायचं, नकलच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि ओढायचं. एक ते पावणेदोन किलोच्या दरम्यान ओढ लागली की बेरिंग बरोबर कसलेलं आहे. असला काटा माझ्याकडे कुठला! घरात मासळी तोलायचा हुकाचा काटा होता, तोच घेतला. उजव्या बाजूने सातशे ग्रॅमला मान हलवली. डावी बाजू पाव किलोलाच फिरली. आई दारातून बघत होती, म्हणाली, "काय रे, इसवण आणलंस की काय?"

बेरिंगं नवी घातली, किंगपिनखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, एक-एक काढत-घालत काटा दीड किलोवर आणला. चार संध्याकाळी गेल्या. खर्च मोठ्या टायरांच्या एका टायराएवढाही नाही. दुसऱ्या दिवशी साखळीपर्यंत ऐंशीने गेलो, घड्याळ जागेवर.

तर माझ्या गाडीचं पहिलं मॉडिफिकेशन म्हणजे आधीची मॉडिफिकेशनं काढणं. तुमची गाडी कुणी हात न लावलेली असेल तर तुम्ही नशीबवान. जुनी फोर व्हील ड्राइव्ह घेणाऱ्याला सहसा एक गाडी आणि तीन मालकांच्या हौशी एकदम मिळतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेवरच बोट ठेवलं. पुढचे लोखंडी पिंजरे बंद करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, आणि पुढे जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढलं. पिंजरा लावून तिथे उभं राहायचं आणि मग "सर, ओळख आहे का?" म्हणून मला फोन करायचा, हे नको.

आता नळी.

बागायतीच्या वाटेवरचा व्हाळ मे महिन्यात घोट्याएवढा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मांडीएवढा. गाडी चढ उतरून आली की ॲक्सलच्या पोटातलं गिअर ऑइल तापलेलं असतं, वरची हवाही तापून फुगलेली. तशीच गाडी थंडगार पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते, आणि आकसली की बाहेरून काहीतरी ओढून घेते. त्यासाठी ॲक्सलच्या पाठीवर एक श्वास घ्यायचं भोक असतं, ब्रीदर म्हणतात त्याला, वर बोटाच्या पेराएवढी टोपी. टोपी पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणी आत. चिखलाने बुजली असेल तर ॲक्सल सीलमधून पाणी ओढतो. शिवाय बुजलेल्या ब्रीदरचा दुसरा त्रास असा की ॲक्सल तापल्यावर दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर, थेट मागच्या ब्रेकच्या लायनरवर. लोक सील बदलतात, लायनर बदलतात, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. दोष त्या टोपीचा.

हे मी शिकलो ते पहिल्याच पावसाळ्यानंतर. गणेश चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांचं, सामान आणायला डोंगरावर जायचं होतं, म्हणून म्हटलं ऑइल बघून घेऊ. मागच्या ॲक्सलचा खालचा नट सोडला. काळपट मधासारखं काही यायला हवं होतं. आली ती दूध जास्त झालेली कॉफी. बोटांत चोळलं तर चिकटपणा नावाला नाही. असल्या ऑइलवर गाडी आणखी एक पावसाळा चालली असती तर क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधले मुख्य दाते, घेऊनच गेली असती, आणि जिप्सीचं उत्पादन थांबल्यापासून चांगला जुना संच मिळवणं म्हणजे नवस बोलण्यासारखं आहे.

उपाय एवढाच: टोपी काढायची, तिथे नळी बसेल अशी तोटी बसवायची, आणि नळीचं दुसरं टोक गाडीत जमेल तितकं उंच न्यायचं. मागची टेललाइटच्या आत, पुढची बॉनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर. ट्रान्सफर केसलाही, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीलाही, तेच करा. जिप्सीत तो गिअरबॉक्सपासून वेगळा, गाडीच्या मधोमध खाली टांगलेला असतो, खोल पाण्यात तोही भिजतो. नळी ताणून बसवू नका, ॲक्सल वर-खाली हलतो, थोडी ढील ठेवा. बाहेरून हे काहीच दिसत नाही. फोटो काढण्यासारखं यात काही नाही, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

पाणी दुसऱ्या वाटेनेही गाडी खातं. आपल्याकडची लाल माती चेसीच्या पोकळ दांड्यांत शिरते, पाणी वाहून जायची खालची भोकं बुजवते आणि नोव्हेंबरपर्यंत ओली राहते. पत्रा आतून सडतो. दर पावसानंतर एक सळी घेऊन ती भोकं मोकळी करायची आणि नळाच्या पाण्याने आतून धुवायचं. पाणी लाल यायचं थांबेपर्यंत. पायाखालचं मॅट तर जूनमध्ये काढूनच ठेवा. जळकं ऑइल फवारायचा सल्ला सगळे देतात. मी नाही देत. रबरी बुश फुगतात, आणि आमच्या अंगणापासून विहीर वीस पावलांवर आहे.

एकाने काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं. होड्यांना लावतात, मग चेसीला का नको? मी हौसेने मागच्या आडव्या दांड्याला लावून पाहिलं. महिनाभर चिकट राहिलं, सगळी धूळ त्यालाच बसली, आणि माझ्या कोपराखाली असे फोड आले की शाळेत मुलांनी विचारलं, सर भाजलं का? याच तेलापासून केलेली भुकटी ब्रेकच्या लायनरमध्ये घालतात, हे मला नंतर कळलं. म्हणजे काजू गाडीत आधीपासूनच होता, मी चुकीच्या जागी लावला.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, पण ती मी न विचारता सांगतो. घरी काम करताना गाडी जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर ठेवू नका. गोव्यात प्रत्येक घरामागे चार चिरे पडलेले असतात, उंचीही बरोबर बेताची, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. मीही ठेवायचो. एका रविवारी ट्रान्सफर केसचे रबर बदलत खाली झोपलो होतो. आईने चहाला हाक मारली, मी सरपटत बाहेर आलो, उठून पँट झाडली, आणि मागे 'फस्' असा आवाज झाला. मोठा नाही, भाकरी मोडल्यासारखा. चिरा मधोमध फुटून त्याचा भुगा झाला होता आणि चेसी चार बोटं खाली आली होती. चिऱ्यावर भिंतीचं वजन पसरून बसतं. चेसीचं सगळं वजन दोन इंचांच्या कडेवर येतं, आणि आत भोकं किती आहेत हे चिरा फुटल्याशिवाय कळत नाही. चहा निवून गेला. दुसऱ्या दिवशी फोंड्याला जाऊन गाडी टेकवायच्या लोखंडाच्या चार घोड्या आणल्या. जॅकखाली आणि घोड्यांखाली जाड फळी घालतो, नाहीतर पावसात त्या मातीत रुततात.

चारही चाकांची ताकद कधी लावायची, हेही विचारता म्हणून सांगतो: निसरड्यावरच. जिप्सीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फरक जिरवणारा मधला डिफरेन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी कुस्ती खेळतात, आणि पीळ सगळा आतल्या दात्यांना पडतो. मग फोर व्हीलचा दांडा निघत नाही. हातोडी शोधू नका, सरळ रेषेत चार हात रिव्हर्स घ्या, सुटतो. आणि ज्यांच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) आहेत त्यांनी आधी खाली उतरून ते लॉक करा. चिखलात अर्धा तास रुतून, तिघांनी ढकलून, शेवटी हब 'फ्री'वर होते असं निघालेली निदान चार माणसं मला माहीत आहेत. त्यात एक मी.

तर नळी. ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात डिझेलची नळी म्हणून मागा, पाण्याची नको, ती ऑइलने दोन वर्षांत मऊ पडते. माप घ्यायला काढलेली टोपी खिशात घेऊन जा. मी सांगतो ती दीड मीटर मागची; पुढे आणि ट्रान्सफर केसला मिळून आणखी तेवढीच. क्लिपा सहा लागतात. दुकानदार तीन देईल, दुसऱ्या टोकाला क्लिप कशाला म्हणेल. सहाच घ्या.