सगळं आत आहे

हार्ड डिस्क बहुतेक वेळा सांगून-सवरून जाते. आधी एखादी फाइल उघडताना कुरकुरते, मग पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतच राहतं, आणि एके दिवशी बटण दाबल्यावर आतून टक्, टक्, टक् सुरू होतं. जरा थांबून परत टक्, टक्. माझ्या मावशीच्या भाषेत, "आतून कोणीतरी कडी वाजवतंय रे."

तिचा लॅपटॉप माझ्याकडे आला, कारण स्क्रू काढून परत लावता येणारा माणूस अशी आमच्या नात्यात माझी ख्याती आहे. (अशा माणसाला लग्नघरी नवरदेवाच्या आधी बंद पडलेला प्रिंटर दाखवतात.)

त्या टकटकीचं कारण कळलं की ती ऐकवत नाही. आत तबकडी असते, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये बहुधा काचेची. ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. वाचणारं हेड तिच्यावर टेकत नाही, हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करावा. डिस्क सुरू झाली की हेडची दांडी कडेच्या उतारावरून तबकडीवर येते आणि कारखान्यातच नोंदवून ठेवलेल्या खुणा शोधू लागते. आपण नेमके कुठे आहोत, हे तिला त्या खुणांवरूनच कळतं. हेड बिघडलं की खुणा सापडत नाहीत. मग दांडी मागे जाते, अडसरावर आपटते आणि पुन्हा पहिल्यापासून शोधते. कडी वाजवणारं कोणी आत असेल, तर ते हे.

यावर जाणत्यांचे घरगुती उपायही आहेत. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवणे. जुन्या काळच्या काही डिस्क त्याने तासाभरासाठी उठून बसत, म्हणून उपाय अजून टिकून आहे. हल्लीच्या डिस्कमध्ये फायदा होण्यापेक्षा आत पाणी धरण्याचीच भीती जास्त. मावशीच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तो सुचवलाच, आणि मी पोचलो तेव्हा तिने मटारच्या पाकिटाशेजारी जागाही करून ठेवली होती.

डिस्क बदलणं म्हणाल तर पोळ्या लाटण्यापेक्षा सोपं. तिच्या लॅपटॉपची बॅटरी निघणारी होती. ती काढली, पाठीवरचं छोटं झाकण उघडलं, डिस्क आडवी सरकवली की ती कनेक्टरमधून सुटून हातात. जुनी साडेनऊ मिलिमीटर जाड, नवी सातच, म्हणून खाली प्लास्टिकची चौकट द्यावी लागते, नाहीतर ती खुळखुळते. ती चौकट मिळेल का, असं लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने मूठभर चौकटी काउंटरवर ओतल्या. आता फिरणारी डिस्क कोणी मागतच नाही, एसएसडीच (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) न्या, हेही त्यानेच ऐकवलं. तो न सांगताही मी तीच घेणार होतो.

काढलेली डिस्क तळहातावर मावते. १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि साठा ५० लाख अक्षरांचा. मोबाइलने काढलेला एखादा बरा फोटो तिच्यात जेमतेम मावला असता. मावशीच्या डिस्कमध्ये असे किती असतील, देव जाणे. डिस्कच्या पाठीवर एक बारीक भोक असतं आणि शेजारी लिहिलेलं असतं, हे झाकू नका. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं, मध्ये गाळणी बसवलेली. माझं त्यावर उगाच प्रेम आहे.

नवी डिस्क बसली, विंडोज चढलं, आणि मावशी बिथरली. पूर्वी ती लॅपटॉप सुरू करून चहा टाकायची. दोन्ही साधारण एकदमच तयार व्हायचे. आता आधण यायच्या आत पडदा उजळतो. वर आवाज काहीच नाही. एसएसडीत हलणारं असं काही नसतंच, चिपमध्ये अडकवून ठेवलेला विद्युतभार तेवढा असतो. "चालू आहे ना नक्की?" असं तिने कान लावून विचारलं. मला तिचं पटलं. जुनी निदान कुरकुरून आठवडाभर वेळ द्यायची. ही नवी जाईल तेव्हा बहुधा एका क्षणात जाईल, आणि पूर्वसूचना मिळेलच असं नाही. म्हणून फोटो दुसरीकडेही ठेवण्याची सोय त्याच दिवशी करून दिली.

पण जुने फोटो? तिथे गंमत अशी, की ते पुसले गेलेले नाहीत. हेड गेलं, पण तबकडीवरची चुंबकीय नोंद बहुधा जशीच्या तशी आहे. काकांचा साठीशांतीचा समारंभ, बंगल्यावरचा पाऊस, नात रांगायला लागली तो व्हिडिओ, सगळं त्या काचेवर आहे. धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडून, तसल्याच दुसऱ्या डिस्कचं हेड लावून ते वाचणारे लोक आहेत. दर विचारला. त्या पैशांत लॅपटॉप नवा आला असता.

मावशीने आकडा ऐकला, डिस्क माझ्या हातातून घेतली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि कपाटात मुदतठेवींच्या पावत्यांच्या खाली सारली.

"भंगारवाल्याला द्यायची नाही," म्हणाली. "आणि तो दर उतरला की मला सांग."