उजवा गाल

दुकानात मी अखंड पात्याचा वस्तरा गिऱ्हाइकाला लावत नाही. एकाच्या गालावरचं पातं दुसऱ्याला लागलं तर हिपॅटायटिस-बी, एचआयव्ही असले रोग रक्तातून जाऊ शकतात. म्हणून ब्लेडचा वस्तरा. ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं पट्टीत सरकवायचं आणि दाढी झाली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत टाकून द्यायचं. हे योग्यच आहे. जे दुकानदार तेच अर्धं ब्लेड दोन दाढ्यांना पुरवतात, ते आमच्या धंद्याला बट्टा लावतात. पण ब्लेडमुळे एक नुकसानही झालं. धार लावावी लागत नाही, तर धार ओळखायलाही कुणी शिकत नाही. अकादमीतून आलेली पोरं फेड, म्हणजे खालून वर केस दाट होत जाणारा कट, सुरेख मारतात, पण पातं कापतंय की ओढतंय हे त्यांना गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केल्यावर कळतं.

अण्णांच्या दाढीपासून हे फार डोक्यात आहे. अण्णा आमच्या मिरजेतले जुने सुतार. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यात कुणीतरी घाईघाईत स्वस्तातल्या रेझरने त्यांची दाढी ओढली होती, तेव्हा दोन ठिकाणी कापलं आणि रक्त थांबता थांबेना, कारण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. त्यानंतर घरच्यांनी हातच लावू दिला नाही. महिनाभराची दाढी वाढली, घास भरवला की त्यात अडकायला लागला. तेव्हा मुलगा दुकानात आला, "मामा, घरी येऊन कराल का? अण्णांचा स्वतःचा वस्तरा आहे."

स्वतःचा म्हणजे फक्त त्यांच्याच गालाला लागलेला. पात्याच्या मानेवर सोलिंगेनचं नाव. जर्मनीतल्या या गावचं नाव बाहेरच्या कुणी मालावर घालू नये म्हणून १९३८ साली तिथे कायदा झाला, इतकी त्या पोलादाची पत. पातं दोन्ही अंगांनी कोरलेलं, पाठ जाड आणि धारेकडे कागदासारखं पातळ. असं पातं केसावरून जाताना वाजतं. सोबत चामड्याचा पट्टा होता, तेल पाजून मऊ ठेवलेला. वस्तरा मी आदल्या रात्रीच घरी नेला, दगडावर लावला. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. पाठच कोन सांभाळते, आपण फक्त वजन द्यायचं नाही.

दाढी आधी कात्रीने उतरवून घेतली, मग गरम पाण्याचा टॉवेल. टॉवेलच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. कोरडा खुंट तारेसारखा असतो, पाणी प्यायला की फुगतो आणि नरम पडतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतातच. "मामा, लवकर आटपा" म्हणणारं गिऱ्हाईक आपल्याच गालाचं वाटोळं करून घेत असतं.

सुरुवात डाव्या गालापासून केली. ती बाजू शाबूत, काही ओढलं तर चेहरा सांगणार. खरी काळजी उजव्या बाजूची होती. तो गाल सैल पडलेला, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला. एरवी माणूस आपण होऊन गाल ताणून देतो, हनुवटी वर करतो. इथे सगळं माझ्या डाव्या हाताच्या बोटांनी करायचं. आणि त्या गालाला स्पर्शच कळत नाही, त्यामुळे पातं ओढलं काय, खरवडलं काय, अण्णा सांगणार नाहीत. तिथे धारेवर लक्ष ठेवणारा मी एकटाच, असं मी धरून चाललो होतो.

डावा गाल झाला, गळा झाला, हनुवटी झाली. हनुवटीचे खुंट सगळ्यात राठ, धार तिथेच खाल्ली जाते. उजव्या कानशिलाखाली फेस पुन्हा लावला, कातडी वर ताणली, सुलट हाताने, म्हणजे केसाच्या कलाने, खाली आलो. चार-पाच हात नीट गेले. मग अण्णांच्या डाव्या हाताची तर्जनी चादरीवरून उठली आणि तशीच वर राहिली. डोळे मिटलेले.

मला वाटलं, पाणी हवंय. अण्णांची बायको, काकू, म्हणाल्या, "ते थांबा म्हणतायत."

वस्तरा उचलला, पुसला, खिडकीकडे नेऊन धार उजेडात धरली. चांगली धार उजेडात दिसतच नाही. जिथे चमकते तिथे ती मोडलेली किंवा वळलेली असते. टोकाकडच्या भागात बारीकशी चकाकी होती, केसाएवढी. माझ्या हाताला तोवर काही लागलं नव्हतं. आणखी दोन-तीन हातांत लागलंच असतं, हे मी खात्रीने सांगतो. पण अण्णांची तर्जनी त्याआधी उठली.

पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ताठ धरला. पट्टा सैल धरला की धार गोल होते, आणि पुष्कळ कारागीर नेमकं तेच करतात, गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून फटाफट आपटतात. पातं आधी कोरडं करायचं. ओलं पातं पट्ट्याला लावलं की दोन्ही बिघडतात. मग धार मागे आणि पाठ पुढे ठेवून सावकाश ओढायचं, टोकाशी पोहोचलं की पाठीवरून उलटायचं. धारेवरून उलटलं तर पट्टा चिरतो आणि धार जाते. पट्टा पोलाद फारसं झिजवत नाही, वळलेली धार सरळ करतो. दाढीच्या मधे एवढंच लागतं, दगड नाही.

केसाने पोलाद कसं हरतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात दिलं. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ, तरी तो पात्यापाशी वाकतो आणि तिरका जोर येतो. तिथे पोलादाची बारीक घडण एकसारखी नसेल, तर धारेचा सूक्ष्म टवका उडतो. टवका पट्ट्याने भरून निघत नाही, वळलेली धार मात्र सरळ होते. अण्णांचं पातं वळलं होतं, कारण पट्ट्यानंतर चकाकी गेली.

परत फेस लावला, परत गालावर आलो. आता आवाज वेगळा होता, कोरडा, स्वच्छ, एकसारखा. अण्णांचं बोट खाली गेलं. उजवी बाजू पूर्ण केली. उलट हात मात्र मारला नाही, घोटून गुळगुळीत करायचा हट्ट अशा कातडीवर करू नये. तुरटी फिरवली. रक्ताचा ठिपका नाही.

अण्णांना कळलं कसं? काकूंचं म्हणणं, आवाजावरून. "कारखान्यात कुणाचा रंधा बोथट झाला की हे दुसऱ्या खोलीतून ओरडायचे, आधी पातं लाव." हे मला पटतं. धार उतरली की आवाज जाडा होतो, आणि आयुष्यभर रंधा-पटाशी ऐकलेल्या कानाला तो फरक माझ्या आधी कळला असेल. पण पात्याची थरथर हाडातून डाव्या बाजूपर्यंत गेली असेल, असंही वाटतं. गालाला स्पर्श परत येतोय का, असंही वाटून गेलं. मुलाने व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी डोळे मिटायला लावून गालावर कापूस फिरवून पाहिला. अण्णांचं बोट हललं नाही.

खात्री करायची तर मुद्दाम उतरलेली धार त्या गालाला लावून पाहावी लागेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या माणसावर मी ते करणार नाही, त्यामुळे उत्तर अर्धवटच राहणार. मी मात्र आता हनुवटी झाली की उजव्या गालाला हात लावायच्या आधीच वस्तरा पट्ट्यावर ओढतो. आणि दुकानात दाढी चालू असताना टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असतो. पोरं कुरकुरतात. त्यांना मी प्रत्येक हाताचा आवाज ऐकायला लावतो, ब्लेड असलं तरी.